मला सोडायची आहे

"हावेपोटी हात कापून घेतलास, उद्या गळा कापून घेशील! पण दुकान काही सोडणार नाहीस..." हातातलं भांडं टेबलावर आपटत नणंद म्हणाली, आणि जेवणाऱ्या सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले.

नणंदेच्या नव्या घरातलं ते पहिलंच मोठं जेवण. काका, मावश्या, त्यांच्या सुना, लेकरंबाळं, सगळं गणगोत त्या लांबलचक टेबलाभोवती दाटीवाटीनं बसलं होतं. घराच्या खिडक्या मोठ्या, काचा लखलखीत... पण त्या काचा भावाच्या दुकानातून नव्हे, मुद्दाम परक्या दुकानातून आणलेल्या! आणि आता त्या उजेडात सगळ्यांच्या नजरा भावजयीच्या डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत गुंडाळलेल्या पांढऱ्या पट्टीवर खिळल्या होत्या.

तिनं मान खाली घातली नाही. "काचेचं काम आहे ताई, लागतं कधीतरी," एवढंच म्हणून तिनं पुढचा घास घेतला.

तिच्या त्या ताठ मानेनंच तर नणंदेच्या अंगाची लाहीलाही व्हायची!

"बघा, बघा राणीसरकारांचा तोरा! नवऱ्याला घरी बसवलं, त्याच्या हातातली काच कापायची हिरकणी काढून घेतली, काउंटरवर स्वतः चढून बसली... आणि वर 'लागतं कधीतरी'! माझ्या भावासारखी काच कापणारा या शहरात दुसरा होता का कुणी? आता तो घरात बसून कपडे वाळत घालतो. आई, तू तरी विचार हिला. माझ्या बापानं उभं केलेलं दुकान हिनं कसं गिळलं ते विचार!"

टेबलाच्या टोकाला बसलेल्या सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण त्यांच्या पातळ, घट्ट मिटलेल्या ओठांवर लेकीचाच प्रत्येक शब्द होता, हे सुनेला न बघताही कळत होतं.

आणि तिचा नवरा... तो तिच्या शेजारीच बसला होता. ताटात नजर घालून. कपाळावर घामाचे थेंब, आणि दोन्ही हात टेबलाखाली, मांड्यांमध्ये घट्ट दाबून धरलेले!

तो हात कुणी कापला होता ते त्याला ठाऊक होतं. गेल्याच आठवड्यात तो अचानक दुकानात आला होता... "मला येतं अजून! मी काही मेलो नाही!" असं म्हणत त्यानं एका शिंप्यानं मागवलेला पुरुषभर उंचीचा आरसा एकट्यानं उचलला होता. ती "थांबा, थांबा" म्हणेपर्यंत त्याच्या थरथरत्या बोटांतून आरसा सुटला. तिनं त्याला बाजूला ढकललं, आणि ढकलायला पुढे केलेल्या हातावर तो आरसा कोसळला. दवाखान्यात टाके घालताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "कसं झालं हे?" तर ही म्हणाली, "माझाच हात सुटला." डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा दाराशी उभ्या असलेल्या त्याच्या थरथरत्या हातांकडे पाहिलं, आणि शेवटची पट्टी बांधून झाल्यावर, जणू हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा सुरात म्हणाल्या, "पुलापलीकडे सार्वजनिक वाचनालय आहे ना, त्याच्या मागच्या हॉलमध्ये रविवारी दुपारी एक सभा भरते. दारू सोडलेल्यांची आणि सोडू बघणाऱ्यांची. नाव विचारत नाहीत, पैसे मागत नाहीत. नुसतं जाऊन बसायचं."

तेव्हापासून त्यानं थेंब घेतला नव्हता. आज रविवार होता.

हे सगळं तिला त्या भरल्या टेबलावर एका दमात सांगता आलं असतं! पण तिनं शब्द दिला होता.

लग्नाला दोनतीन वर्षं झाली असतील तेव्हाची ती गोष्ट. दुकान बंद केल्यावर मित्रांबरोबर 'थकवा घालवायला' म्हणून सुरू झालेली ती सवय तिच्या पहिल्यांदा लक्षात आली, तेव्हा तो लहान मुलासारखा रडला होता. "काय वाटेल ते कर, मला घराबाहेर काढ... पण आईला कळू देऊ नकोस! ती जगायची नाही गं!" आणि ते खोटं नव्हतं. सासऱ्यांना दारूनंच नेलं होतं. त्यांच्या मागे सासूबाईंनी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुऊन दोन लेकरं वाढवली, बंद पडलेलं दुकान मुलगा हाताशी येईपर्यंत दुसऱ्याला भाड्यानं देऊन राखलं. सोन्यानाण्याचा नाही, रूपाचा नाही, त्या बाईला आयुष्यात एकच अभिमान होता, आणि तो त्या भेटेल त्याला ऐकवत असत: "बापानं घराची राखरांगोळी केली, पण माझ्या राजानं त्या विषाला बोटसुद्धा लावलं नाही!"

तो अभिमान सुनेनं स्वतःच्या अंगावर झेलून धरला. कुणाच्या घरी बोलावणं आलं आणि तो शुद्धीत नसला, की ही सांगे, "मला नाही यायचं." लग्नाच्या गर्दीत त्याचा आवाज चढायला लागला, की ही उठे, "माझं डोकं दुखतंय, मला आत्ताच्या आत्ता घरी न्या." लोक म्हणत, बिचारा! बायकोपुढे काही चालत नाही त्याचं. घरात वास येई, तर ही म्हणे, काच पुसायच्या स्पिरिटचा आहे. गिऱ्हाइकांच्या काचा वाकड्या कापल्या जाऊ लागल्या, तेव्हा तिनं रद्दी काचेच्या ढिगापाशी बसून स्वतः शिकून घेतलं... लाकडी पट्टी कशी धरायची, हिरकणी किती दाबायची, ती 'सुर्रर्र' अशी अखंड रेघ कानांनी कशी ओळखायची. बोटांवर बारीक बारीक चिरा पडल्या, पण दुकान एक दिवस बंद राहिलं नाही! आणि त्याबद्दल तिला मिळालं काय? 'राणीसरकार' हे नाव! ते नावसुद्धा तिनं एखादा दागिना घालावा तसं मिरवलं. घमेंडखोर म्हणा, हावरट म्हणा... पण माझ्या माणसाला दारुडा म्हणू नका!

"बोल की आता! दातखीळ बसली का?" नणंद ओरडली.

आणि तेवढ्यात नवरा उठला. खुर्ची मागे सरकल्याचा कर्कश आवाज झाला. "चल," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "आपल्याला... जायचं होतं ना."

"कुठे?" सासूबाईंनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

त्यानं दाराकडे पाऊल टाकलं.

"कुठे म्हणजे काय आई!" नणंदेनं टाळी वाजवली. "वकिलाकडे! दुकान नावावर करून घ्यायला! जेवण टाकून नेतेय बघ कशी फरफटत!"

सासूबाई सावकाश उठल्या. पिशवी खांद्याला अडकवली. "मीही येते," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाला कुठे सही करायला नेतेस, ते मला माझ्या डोळ्यांनी बघू दे."

"आई, तुम्ही कशाला..." सून गडबडली.

"का? भीती वाटते?"

त्या प्रश्नाला तिच्यापाशी एकच उत्तर होतं. "चला," सून म्हणाली.

बसमध्ये सासूबाई दोघांच्या मधे बसल्या, लेकाचा हात हातात घेऊन. "घामेजलाय किती रे राजा," त्या पुटपुटल्या, आणि सुनेकडे असा एक कटाक्ष टाकला की जणू त्या घामाचं कारणही तीच! पूल ओलांडला, खाली नदीचं पाणी चकाकत मागे गेलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या मनात एकच घोर होता. तिथे पोचल्यावर काय करायचं? आईंना दाराबाहेर बसवायचं? की त्याला आत सोडून आपणच यांना कुठेतरी घेऊन जायचं? काहीतरी सुचेल... आजवर सुचत आलंय!

पण वाचनालयाच्या फाटकाला साखळी घातलेली होती. आत भिंतींना बांबूंच्या परांच्या बांधलेल्या, अंगणात विटांचा ढीग. दुरुस्तीचं काम चाललेलं. मागचा हॉल तर छपरासकट उतरवलेला!

नवऱ्यानं साखळी हातात धरली, एकदा हलवली, सोडून दिली. "बंद आहे," तो म्हणाला, आणि त्या शब्दांत अशी काही सुटका होती, अशी काही निराशा होती की तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं. "बंद आहे. चल. आपल्या नशिबातच नाही ते..."

तो वळला, आणि त्याची नजर कुठे गेली ते तिनं पाहिलं. कोपऱ्यावर, अर्धं शटर वर केलेलं, बाटल्यांचं दुकान. तो तिकडे बघतोय हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. तहानलेलं जनावर पाण्याकडे बघतं तसा तो बघत होता! तिला लख्ख कळलं, आज हा इथून मागे फिरला, की पुन्हा या रस्त्यानं यायचा नाही. कधीच नाही.

समोर एक फुलांचं दुकान होतं. एक ठेंगणी, गुबगुबीत बाई दारात बसून देठं छाटत होती. सून तरातरा रस्ता ओलांडून गेली; मागोमाग सासूबाई, त्यांच्या मागे पाय ओढत तो.

"बाई, या वाचनालयाच्या मागे रविवारी सभा भरायची ना? ती कुठे गेली?"

"कुठली सभा?" फुलवाली कात्री थांबवून म्हणाली. "इथे काय एक सभा होती होय! बुद्धिबळवाले होते, ते कॉलेजात गेले. गाणंवाले होते, ते कुणाच्यातरी गच्चीवर गातात, शेजारी रोज भांडायला येतात म्हणे. पेन्शनवाले होते. वजन कमी करणाऱ्या बायका होत्या, त्यांचं काही कमी झालेलं मला दिसलं नाही. तुम्हाला कुठली हवी?"

मागे सासूबाई उभ्या होत्या, इतक्या जवळ की त्यांचा श्वास सुनेच्या मानेला लागत होता.

"चल म्हटलं ना," नवरा मागून कुजबुजला. त्याच्या आवाजात याचना होती. "सोड. घरी चल."

"बोल की गं!" सासूबाई कडाडल्या. "कसली सभा? वकिलाचं नाव घ्यायला लाज वाटते का आता?"

एका बाजूला दिलेला शब्द... दुसऱ्या बाजूला तो माणूस, जो आणखी एका क्षणात पाठ फिरवणार होता! आयुष्यभर जपलेली गोष्ट अशी भर रस्त्यात, अनोळखी बाईसमोर, त्याच्या आईच्या कानांवर घालायची? तिनं डोळे मिटले, उघडले. आणि मान ताठ केली.

"दारू सोडणाऱ्यांची," ती म्हणाली.

फुलवालीच्या चेहऱ्यावरची थट्टा मावळली. "असं होय," ती हळू आवाजात म्हणाली. "कुणाला सोडायचीय?"

"मला," ती म्हणाली. स्पष्ट. मोठ्यानं. "मला सोडायची आहे."

सासूबाई एक पाऊल मागे सरकल्या.

"तू...? तू पितेस?" त्यांचा आवाज घोगरा झाला. "म्हणून तू चार माणसांत बसत नव्हतीस! म्हणून लग्नातून उठून यायचीस! आणि तो वास... देवा रे... माझ्या राजाच्या घरात! ज्या विषापासून मी त्याला पदराखाली जपलं, ते तू त्याच्या उंबऱ्याच्या आत आणलंस? बाईच्या जातीला..."

"हो आई," ती म्हणाली. "चूक झाली. आता सोडायची म्हणून तर आले." आणि त्या खोट्यानं तिचा चेहरा असा उजळून निघाला होता, की फुलवाली डोळे बारीक करून कधी तिच्याकडे, तर कधी मागच्या त्या घामेजलेल्या पुरुषाकडे बघत राहिली.

पण ती समजूतदार बाई. काही बोलली नाही. उठून रस्त्यात आली, हात लांब करून म्हणाली, "ती पाण्याची टाकी दिसते? तिच्या मागे नाचाची शाळा आहे. वरच्या मजल्यावर. माझा भाऊ जातो तिथे. जिना अंधारा आहे, पण माणसं चांगली आहेत. आणि ताई, आवाज असाच ठेवा. लाजू नका."

त्या जिन्यापर्यंत सासूबाई बोलत राहिल्या. कुजबुजत, दात आवळून, एकेक शब्द टाचणीसारखा टोचत. सून ऐकत चालली. तो तिच्यामागे येत होता ना... मग आणखी काय हवं होतं?

नाचाची शाळा म्हणजे एक लांबलचक हॉल होता. लाकडी जमीन, घडीच्या खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, कोपऱ्यात चहाची किटली. आणि समोरची अख्खी भिंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आरशांची! दारातून आत येताच नवरा थबकला. त्यानं एका आरशाच्या कडेवर बोट ठेवलं, शेजारच्या आरशाशी जिथे ती मिळत होती तिथे. नखसुद्धा आत शिरलं नसतं, इतका तो सांधा बेमालूम होता.

"हे..." तो पुटपुटला, "हे मी बसवलेत." लग्नाआधीचं काम ते. आणि त्या आपल्याच हातच्या आरशात त्याला समोर दिसत होता एक खांदे पडलेला माणूस, त्याच्या एका बाजूला संतापानं थरथरणारी म्हातारी आई, आणि दुसऱ्या बाजूला हाताला पट्टी बांधलेली, ताठ मानेची बायको.

"या, या, बसा," एका धिप्पाड माणसानं हाक मारली. आयुष्यभर मालट्रक चालवलेला तो माणूस, सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. "इथे नाव सांगायची सक्ती नाही. घरची माणसं बसली तरी चालतात. चहा गार आहे, तेवढं मात्र सहन करावं लागेल."

सगळे हसले. सासूबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या, पिशवी छातीशी धरून.

मग एक शाळेतल्या बाई बोलल्या, कपाटात वह्यांमागे बाटली कशी लपवायच्या ते. एक पोरसवदा स्वयंपाकी बोलला. कुणी रडलं नाही, कुणी उपदेश केला नाही. माणसं नुसती आपापलं सांगत होती आणि बाकीची ऐकत होती. असं ऐकणं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं! शेवटी ड्रायव्हरकाका म्हणाले, "आज नवीन कुणाला बोलायचंय का? नाही बोललं तरी हरकत नाही."

सासूबाईंनी तिला कोपरानं ढोसलं. "ऊठ! रस्त्यात तर मोठ्या तोऱ्यात ओरडलीस, आता ऊठ!"

आणि ती उठू लागली! इथेही, या माणसांसमोरही, आपलं सोंग ती शेवटपर्यंत निभावणार होती... खुर्चीला हात टेकून ती अर्धी उभी राहिली, तेवढ्यात तिच्या पट्टीच्या वर, दुखावणार नाही अशा बेतानं, एक थरथरता हात पडला.

"तू बस," तो म्हणाला. "बस गं. पुरे झालं आता."

तो उभा राहिला. आरशात दिसणाऱ्या स्वतःकडेच बघत तो बोलू लागला.

"दारू मी पितो. हिनं कधी थेंबाला हात लावला नाही. मघाशी रस्त्यात ही खोटं बोलली. कारण माझी आई बरोबर होती, आणि आईला कळू देणार नाही असा शब्द मी हिच्याकडून घेतला होता. मी घेतला, आणि मग विसरलो... ही नाही विसरली! माझे हात काच धरेनासे झाले, म्हणून ही काच कापायला शिकली. लोक म्हणाले, हिनं दुकान लाटलं. मी ऐकलं. लोक म्हणाले, ही माणसांत मिसळत नाही, गर्विष्ठ आहे. मी ऐकलं. आज माझ्या बहिणीनं भरल्या घरात हिची अब्रू काढली, मी ताटात बघत ऐकलं! आणि हा हात... हा हात मी कापलाय. माझ्या डोक्यावर यायचा आरसा हिनं हातावर घेतला..."

तो आईकडे वळला. "आई, तुझ्या राजानं बोट नाही लावलं म्हणतेस ना? तुझा राजा बुडालाय गं त्यात. हिनं वर धरून ठेवलाय, एवढंच."

सुनेला वाटलं, आता म्हातारी कोसळणार! तिनं सावरायला हात पुढे केला...

पण सासूबाई कोसळल्या नाहीत. त्या बोलल्या. आवाज इतका खालचा की शेजारच्यांनी पुढे वाकून ऐकला.

"मला ठाऊक होतं."

"आई!" दोघांच्या तोंडून एकदमच निघालं.

"नवऱ्याच्या तोंडाचा वास उशाशी घेऊन मी संसार केला. हे नाक फसेल होय? तू पहिल्यांदा पिऊन आलास आणि दारातून मला हाक मारलीस, त्याच दिवशी कळलं होतं मला. पण ही म्हणाली, स्पिरिट आहे. आणि मी ते धरलं... बुडत्यानं दोर धरावा तसं घट्ट धरलं! मुलगा दारुडा आहे म्हणण्यापेक्षा सून वाईट आहे म्हणणं सोपं होतं. मग मी तेच म्हणत राहिले. लेकीला तेच शिकवलं." त्यांनी पिशवी खाली ठेवली. हात मोकळे झाले, पण त्या हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. "आज ही भर रस्त्यात 'मला सोडायची आहे' म्हणाली ना, तेव्हासुद्धा मला कळत होतं ही खोटं बोलतेय. कळत होतं! तरी मी जिन्यापर्यंत शिव्या दिल्या तिला... कारण ते खरं असतं तर माझी मान वर राहिली असती."

त्या उठल्या. सुनेसमोर येऊन उभ्या राहिल्या. धुलाईखान्यानं खरखरीत केलेले ते हात त्यांनी सुनेच्या कापलेल्या हाताखाली धरले, एखादी पातळ काच धरावी तसे.

"माफी मागत नाही मी," त्या म्हणाल्या. "मागून मिळण्याएवढी ती स्वस्त नाही. पण एवढं सांग... तू हे सगळं कशाच्या जोरावर केलंस गं?"

सुनेची मान तशीच ताठ होती. "तुमच्याच, आई," ती म्हणाली. "चादरी धुऊन दोन मुलं वाढवलेल्या बाईची सून म्हणवून घ्यायचं होतं मला. तुमच्याहून कमी कशी पडू?"

त्या म्हाताऱ्या डोळ्यांतून मग जे पाणी आलं ते कितीतरी वर्षांचं होतं... आणि ड्रायव्हरकाकांसकट त्या गोलातल्या प्रत्येकानं आपापल्या पायांकडे बघितलं, त्या दोघींना एकटं सोडण्यासाठी.

नणंदेकडचा चहा अजून संपायचा होता, तेव्हा तिघं परत तिथे गेले. सासूबाईंनी चप्पलसुद्धा काढली नाही. दारातच उभं राहून, सगळ्या गणगोतासमोर, त्यांनी जे होतं ते सांगितलं. मुलाचं सांगितलं आणि स्वतःचंही सांगितलं. नणंद जवळच्या खुर्चीवर मटकन बसली. मग बऱ्याच दिवसांनी एके सकाळी ती दुकानात आली, काउंटरवरच्या लाकडी पट्टीशी चाळा करत उभी राहिली आणि म्हणाली, "मोरीत आरसा लावायचाय. तू कापलेला हवा... दुसऱ्या कुणाचा नको." भावजयीनं माप विचारलं. नणंदेला माप ठाऊकच नव्हतं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि मग नणंद रडली.

गोष्ट एका रविवारी संपली नाही. त्या थंडीत तो एकदा घसरला, दोन दिवस घरी आला नाही. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरकाकाच त्याला खांद्याला धरून घेऊन आले. पुढच्या रविवारी तो पुन्हा आरशांच्या त्या हॉलमध्ये गेला, आणि घसरल्याचं सगळ्यांत आधी त्यानं सांगितलं. हळूहळू हातांचा कंप ओसरत गेला. दुकानात तो काचांच्या कडा घासतो, चौकटी बसवतो. हिरकणी अजून तिच्याच हातात असते. ती द्यायला गेली होती एकदा, पण त्यानंच घेतली नाही. "तुझी रेघ माझ्यापेक्षा सरळ येते," तो म्हणाला, आणि हे तो आता गिऱ्हाइकांनाही सांगतो, न विचारता.

उन्हाळ्याच्या एका रविवारी ती पुलापलीकडे एक खिडकी बसवून परत येत होती. वाचनालयाचं काम अजून रखडलेलंच होतं, फाटकाला तीच साखळी. आणि फाटकासमोर, फुलवालीकडून मागून घेतलेल्या स्टुलावर, छत्री उघडून कोण बसलं होतं? सासूबाई! देवळात नाहीतर मैत्रिणीकडे जाते असं सांगून म्हातारी दर रविवारी जाते कुठे, ते तिला तेव्हा कळलं.

एक तरुण माणूस फाटकाशी घुटमळत होता. साखळीला हात लावत होता, मागे सरत होता. इस्त्रीचा शर्ट, लाल डोळे.

"सभा शोधतोस ना रे बाळा?" सासूबाईंनी रस्ताभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. "दारू सोडायची?"

तो दचकला. "नाही... म्हणजे... मित्रासाठी चौकशी करत होतो."

"बरं, मित्रासाठी. तू जाऊन बस, मित्राला मागाहून सांग. ती बघ पाण्याची टाकी, तिच्या मागे. चल, मी जिन्यापर्यंत येते. अरे, लाजतोस काय! माझा स्वतःचा मुलगा आहे तिथे आत्ता."

तो खाली बघत उभा राहिला. "इथपर्यंत यायलाच इतकं..." तो पुटपुटला. "पुढे जाववत नाही हो."

"त्यालाही जाववत नव्हतं," सासूबाई म्हणाल्या, आणि गुडघ्यावर हात देऊन उठता उठता त्यांना रस्त्याच्या कडेला, हातात लाकडी पट्टी आणि अवजारांची पेटी घेऊन थांबलेली ती दिसली. म्हातारीचा चेहरा असा फुलला, की त्या परक्या माणसानंही वळून पाहिलं. छत्री मिटून त्यांनी ती तिच्याकडे रोखली.

"त्याला घेऊन गेली ती ही," त्या अभिमानानं म्हणाल्या. "बघून घे नीट. ही माझी सून!"